वस्तऱ्याचं पोट

रामाजींच्या दहाव्याला जमलेल्या मंडळींनी त्यांच्याबद्दल बरंच खोटं सांगितलं. एक म्हणाला, त्यांचा वस्तरा कोणा रशियन इंजिनिअरनं जाताना बक्षीस दिलेला होता. दुसरा म्हणाला, त्यांच्या हातून जन्मात कोणाला कापलं नाही. दोन्ही थापा. वस्तरा त्यांच्या आजोबांनी भंडाऱ्याच्या बाजारात विकत घेतला होता. आणि कापलं त्यांनी पुष्कळांना. "पहिले चार वर्ष त मी गिऱ्हाइकाले तुरटीवरच पोसलं, बाई," असं ते स्वतःच सांगायचे. मेलेल्या माणसाला चांगलं म्हणण्यासाठी खोटं बोलावं लागतं असं मला वाटत नाही, म्हणून खरं काय ते लिहून ठेवते. त्यातली एक गोष्ट माझ्याही अंगावर येते. तीही लिहिते.

रामाजी लाखनीजवळच्या एका खेड्यातले न्हावी. भिलाईत रशियनांच्या मदतीनं पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा त्यांचे वडील धोकटी घेऊन आधी नंदिनीच्या खाणीवर आले. चुनखडीनं पांढरे झालेले मजूर दाढीला बसत, आणि आधी तोंड धुतल्याशिवाय काळा कोण, गोरा कोण, ते कळत नसे. वडिलांच्या मागे रामाजींनी प्लांटच्या वसाहतीत सेक्टरच्या बाजारामागे कडुनिंबाखाली खुर्ची टाकली आणि पुढची पन्नास वर्षं तिथेच काढली. राहायला मात्र जवळच्या उतई गावाला. रोज सकाळी सायकलनं यायचे, रोज संध्याकाळी सायकलनं जायचे. नंतर अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले. गिऱ्हाईक आधी नवं पातं बघू लागलं आणि मग मान पुढे करू लागलं. बरोबरच आहे. रामाजींनीही तसला वस्तरा घेतला, जुना धोकटीच्या तळाशी गेला.

तो फक्त एका माणसासाठी बाहेर निघायचा, आमच्या शेषरावांसाठी. शेषराव म्हणजे माझा नवरा, प्लांटमध्ये क्रेनवर होते. दोघं एकाच तालुक्यातले, एका वयाचे, बोलायला लागले की मला त्यातलं काही कळू नये अशा भाषेत बोलायचे. मी नागपूरची, बी.एस्सी. झालेली, पस्तीस वर्षं गणित शिकवलेलं. जुना वस्तरा एकाच माणसाला वापरायचा, दुसऱ्याला नाही, ही अट माझी. रामाजींनी ती पाळली.

त्या वस्तऱ्याची धार सरळ नव्हती. मधे किंचित पुढे आलेली, दोन्ही टोकांकडे मागे गेलेली, चवथीच्या चंद्रासारखी, पण त्याहून फार कमी. नीट बघितलं तरच दिसावी एवढी. रामाजी तिला वस्तऱ्याचं पोट म्हणत. त्यांच्या धार लावायच्या दगडाला, ज्याला ते सिल्ली म्हणत, मधोमध तसाच एक हलका खळगा पडला होता. आजोबा, बाप आणि ते स्वतः, तिघांच्या हातांनी दगड झिजला होता आणि वस्तराही. एकाचं पोट दुसऱ्याच्या खळग्यात बसायचं.

शेषरावांना त्या वस्तऱ्याखाली झोप लागायची. थट्टा नाही. रविवारी सकाळी व्हरांड्यात खुर्चीवर मान मागे टाकली, साबण लागला, की उजवा गाल होईपर्यंत माणूस घोरायला लागायचा. मग रामाजी वस्तरा हवेत धरून थांबायचे.

मी म्हणायची, "उठवा की त्यांना! इथे पोहे गार होतात."

"झोपू द्या, बाई. रातपाळीचा मानूस आहे."

"रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली!"

"शरीराले कोण सांगते?"

तीन वर्षांपूर्वी शेषरावांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. चेहरा एका बाजूनं ओघळला, गाल आत गेला, कवळी बसेना. रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. जरा कुठे खरचटलं तर तासभर थांबायचं नाही. मुलगी मोना पुण्याहून आली ती दाढीचं मशीन घेऊन. मशीन घरघरलं की शेषराव तोंड फिरवायचे आणि डाव्या हातानं तिचं मनगट धरायचे. ती रडली, मशीन कपाटात गेलं. रामाजींच्या हाताखाली मात्र ते तसेच मान टाकत आणि तसेच झोपत. त्या खोल गालात तो पोटाचा वस्तरा एकाच ठिकाणी टेकायचा, टोकं वर राहायची. मला तेव्हा हे कारण माहीत नव्हतं. मला वाटायचं, सवय असेल.

आता माझी चूक. रामाजींचा मुलगा आनंदराव प्लांटच्या रोल शॉपमध्ये ग्राइंडर चालवतो. लोखंडाचे राक्षसी रोल असतात, त्यांच्यातून तापून लाल झालेल्या पोलादाचा पाटा दाबून काढतात. ते रोल घासून ठीकठाक करायचं काम त्याचं. केसाच्या विसाव्या हिश्शाच्या गोष्टी करतो आणि अभिमानानं करतो. गेल्या पावसाळ्यात तो घरी आला होता. बोलता बोलता मी म्हणाले, "एवढ्या मायक्रॉनच्या बाता मारतोस, आणि बापाचा वस्तरा बघितलास का? झिजून वाकडा झालाय. दगडालाही खड्डा. जरा नीट करून दे की." चहा गाळता गाळता म्हणाले. मागेपुढे काही विचार केला नाही. वाकडं दिसलं की सरळ करा म्हणायची मला सवय आहे.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा येते. भिलाईत त्या दिवशी प्रत्येक मशीनला हार चढतो, पाने-हातोड्यांना कुंकू लागतं. आनंदरावानं पूजेच्या दोन दिवस आधी बापाकडून वस्तरा आणि सिल्ली मागून घेतली, "पूजेत ठेवतो" म्हणून. हथखोजला एका मित्राचं छोटं वर्कशॉप आहे. तिथल्या ग्राइंडरवर त्यानं पाण्याची धार सोडून, पातं तापू न देता, फार काळजीनं दोन्ही घासले. वस्तरा पट्टीसारखा सरळ. दगड काचेसारखा सपाट. पूजेच्या दिवशी कुंकू लावून, लाल फडक्यात बांधून बापाच्या हातात ठेवले.

रामाजींनी फडकं सोडलं, पातं उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाले, "मस्त झालं रे, बाबू." मुलगा खूश होऊन ड्यूटीवर गेला.

पुढच्या रविवारी ते आमच्याकडे आले. साबण लावला, वस्तरा उघडला, शेषरावांच्या खोल गालाशी नेला आणि टेकवायच्या आधीच थांबले. पुन्हा नेला, पुन्हा थांबले. मग पातं मिटलं, आणि ओल्या टॉवेलनं साबण पुसून काढला.

"काय झालं?"

"आज नाही होत, बाई."

"नाही होत म्हणजे? अर्धा साबण लावून?"

"दोन्ही टोकं टेकून रायले गालाले. सरळ आहे ना आता. खड्ड्यात सरळ पातं घातलं त कोपराच रुतन." एवढंच बोलले. मुलाबद्दल एक शब्द नाही.

मी अडून बसणारी बाई नव्हे. बुधवारी बाजारातून एका सलूनवाल्याला बोलावून आणलं. बिचाऱ्यानं हळूच केली, तरी ब्लेडचा कोपरा ओठाखाली लागलाच. रक्त दीड तास थांबेना. तुरटी, बर्फ, कापूस, शेवटी डॉक्टर. शेषराव काही ओरडले नाहीत, ओरडायला वाचा कुठे होती? पण त्यानंतर चेहऱ्याजवळ कोणाचाही हात गेला की ते डोळे गच्च मिटून मान भिंतीकडे वळवायचे. माझाही हात. भरवताना चमचा बघून घ्यायचे, मग तोंड उघडायचे. दाढी वाढली. पांढरी, खुरटी, त्यात भात अडकलेला. आयुष्यभर पहाटेच्या पाळीलासुद्धा गुळगुळीत दाढी करून जाणारा माणूस डाव्या हातानं ती दाढी सारखी चाचपायचा आणि माझ्याकडे बघायचा. मला ते बघवत नसे. खरं सांगायचं तर मी खोलीत जाणं कमी केलं होतं.

रामाजी पुढच्या मंगळवारी आले, दाढीचा वार नसताना. सायकल आत घेतली आणि म्हणाले, "बाई, तुमच्या व्हरांड्यात घंटा-दोन घंटे बसू देसान का? रोज?"

"कशाला?"

"पोट काढाचं आहे याचं. परत."

"घरी नाही का होत?"

"घरी आनंद येते जाते. बाजारात त्याचे दोस्त दाढीले येते. त्यानं मोठ्या खुशीनं करून देल्लं. त्याले मालूम नाही झालं पाहिजे."

मग तेव्हा मी सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, "रामाजी, त्याला ते करायला मीच सांगितलं होतं. वाकडा झालाय म्हणाले होते मी."

ते सिल्लीवर पाणी शिंपडत होते. मान वर न करता म्हणाले, "मले मालूम आहे. पोरगं तुमचं नाव घेऊन सांगत होतं, काकू म्हनत होत्या म्हनून." मग ओले हात पुसत, "चहा ठेवता का? साखर कमी."

त्या दिवसापासून दीड महिना ते रोज दुपारी यायचे. आधी खरखरीत दगडावर दोन्ही टोकांकडचं लोखंड काढायचं, मग सिल्लीवर धार बसवायची. पूर्वी दगडाचा खळगाच वस्तऱ्याला वळण द्यायचा. आता दगड सपाट, म्हणून सगळं मनगटानं करायचं. मुठीकडचं टोक टेकवून सुरुवात, पातं पुढे ढकलता ढकलता मनगट हळूच वळवत न्यायचं, शेवटाला पुढचं टोक टेकायचं. दगडाला पातं कायम टेकलेलं, पण दर क्षणाला वेगळ्या जागी. जोर शून्य. अधूनमधून दिव्याची काजळी धारेला फासायचे, एक हात फिरवायचे आणि काजळी कुठे पुसली, कुठे राहिली ते चष्मा कपाळावर चढवून बघायचे. राहिली तिथे दगड पोचलेला नाही.

मी कांदे निवडत बसायची. दोन दिवसांत मला आवाज कळायला लागला. हात नीट गेला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच सलग कुजबुज. मनगट चुकलं की आवाज मधेच तुटायचा.

"आत्ता तुटला," मी म्हणायची.

"तुमाले ऐकू येते?"

"पस्तीस वर्षं वर्गाकडे पाठ करून फळ्याशी उभी राहिलेय. मागे कोण काय करतं ते ऐकूच येतं."

एकदा म्हणाले, "घ्या, तुमी फिरवून पाहा." मी फिरवला. कर्रर्र झालं. दुसऱ्यांदा फिरवला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी वैतागून जोर लावला, तेव्हा त्यांनी माझ्या हातातून वस्तरा काढून घेतला.

"तुमच्या हाताले घाई आहे, बाई. तुमी कुकरच्या तीन शिट्या बी पुऱ्या होऊ देत नाही. मी ऐकत असतो ना रोज."

"अडीचमध्ये डाळ शिजते."

"शिजत असन. वस्तरा नाही शिजत."

त्यांचा हात थरथरायचा हे मी त्याच दिवसांत बघितलं. कप उचलताना थरथरायचा, सायकलचं कुलूप लावताना थरथरायचा. दगडावर वस्तरा टेकला की थांबायचा. पण किती दिवस थांबणार, हे त्यांनाही माहीत नव्हतं. ऑक्टोबरच्या शेवटाला खोकला लागला. मी म्हणाले, आठ दिवस घरी पडा. ते म्हणाले, "तिकडं शेषरावजी वाट पाहून रायले." खोलीच्या दारातून खाट दिसायची. शेषराव खरंच बघत असायचे. आवाज ऐकत असायचे.

दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी आनंदराव फर्स्ट शिफ्ट करून घरी जाताना आमच्या फाटकाशी थांबला. बापाची सायकल ओळखली त्यानं. रामाजींनी घाईनं सिल्लीवर पेपर टाकला, वस्तरा मिटायला गेले, आणि तोवर तो समोर उभा.

"बाबा, हे काय करून राहिले?"

"काही नाही रे. धार लावून रायलो."

आनंदरावानं वस्तरा घेतला. त्याचा धंदाच तो. एक डोळा मिटून उजेडाकडे धरला आणि त्याला लगेच दिसलं.

"याले पोट काढलं तुम्ही. मी सरळ करून देल्लं होतं."

मीच म्हणाले, "तो पहिल्यापासून तसाच होता, आनंद. झिजून वाकडा झालेला नव्हता. मी चुकीचं सांगितलं तुला." मग गालाचं, सलूनवाल्याचं, रक्ताचं, सगळं सांगितलं. भराभर सांगून टाकलं.

तो माझ्याकडे बघत नव्हता, बापाकडे बघत होता. "दीड महिना झाला, बाबा. मले सांगतलं कावून नाही?"

"तू खुश होता."

"खुश होता! मी पूरी शॉपमध्ये सांगत फिरलो, बापाचा वस्तरा टॉप करून दिला म्हणून!" त्याचा आवाज फाटला. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर हेल्मेटचा वळ तसाच. व्हरांड्याच्या पायरीवर बसला.

रामाजींनी त्याच्या हातून वस्तरा हळूच परत घेतला. "तू मले एक बार सांगतलं होतं, रोलले बी पोट देते म्हणून. कावून देते रे?"

"देते ना. लोड आला का रोल मधात वाकते, बाबा. पहिलेच पोट असलं त मंग पाटा सपाट निघते." आणि बोलता बोलताच त्यानं कपाळावर हात मारला. "अरे यार. रोज देतो मी. रोज!" मग एकदम उठला. "द्या इकडं. अर्ध्या घंट्यात करून आणतो. जेवढं सांगसान तेवढं पोट. नापून."

"नाही."

"अर्धा घंटा, बाबा! दीड महिन्यापासून घासून राहिले तुम्ही."

"किती पाहिजे ते तुले कोण सांगन? रोलचं ड्रॉइंग असते. याचं ड्रॉइंग तिकडं खाटेवर झोपलं आहे." रामाजी खोकले. "तू चहा पे. अन् रविवारी ये. गाल धराले मानूस लागते. माहा डावा हात आता तेवढा चालत नाही."

म्हणजे तेही त्यांनी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

रविवारी आनंदराव आला, नवीन शर्ट घालून, जणू पूजेला आलाय. शेषरावांना उशा लावून बसवलं. साबण लावायला ब्रश पुढे गेला तसे त्यांनी डोळे मिटून मान भिंतीकडे वळवली. रामाजी घाईवर आले नाहीत. चामड्याचा पट्टा खाटेच्या दांडीला अडकवला आणि वस्तरा त्यावर वर-खाली मारू लागले. चट, चट, चट. बराच वेळ. तो आवाज शेषरावांनी पन्नास वर्षं दर रविवारी ऐकलेला. हळूहळू मान भिंतीकडून परत आली.

आनंदरावानं दोन बोटांनी गालाची कातडी ताणून धरली, बाप सांगेल तशी. "वर. जरासा आणखी. बस, हलू नको." वस्तरा टेकला. मी दारात उभी होते, हातात कापूस आणि बर्फाची वाटी. वस्तरा गालाच्या खळग्यात उतरला, पलीकडच्या काठानं वर आला, आणि मागे स्वच्छ कातडी उरली. रक्ताचा टिपूस नाही. ओठाखालच्या त्या जुन्या जखमेपाशी रामाजी थांबले, श्वास सोडला, मग तेवढं एका हातात पार केलं.

डाव्या गालाची सुरुवात झाली आणि शेषराव घोरायला लागले.

रामाजींनी वस्तरा हवेत धरला. आनंदराव बोटं तशीच ठेवून बापाकडे बघत राहिला. "बाबा, झोपले का हे?" असं त्यानं नुसत्या ओठांनी विचारलं. रामाजींनी मान हलवली. आम्ही तिघं तसेच उभे राहिलो. गॅसवर कुकरची दुसरी शिटी झाली, तिसरी झाली, चौथी झाली. डाळीचा लगदा झाला असणार. मी गेले नाही.

त्यानंतर रामाजींनी सतरा रविवार दाढी केली. फाल्गुनात खोकला छातीत उतरला आणि ते गेले. शेवटच्या आठवड्यात मी उतईला भेटायला गेले होते. हात अंथरुणावरही थरथरत होता. म्हणाले, "आनंद धार लावन. शिकला तो. मनगट चांगलं आहे त्याचं. पण मानसाच्या चेहऱ्याले हात लावाले भेते. त्याच्या भरोशावर नका राहू." आणि जरा वेळानं, "बाई, तुमी आवाज ओळखता."

मी म्हणाले, "माझ्या हाताला घाई आहे, तुम्हीच म्हणाला होतात."

"आहेच ना," ते म्हणाले.

आता आनंदराव दर शनिवारी संध्याकाळी येतो, व्हरांड्यात बसतो आणि सिल्लीवर वस्तरा पाजळतो. दगडाला मधोमध पुन्हा खळगा पडायला सुरुवात झालीय असं तो म्हणतो. मला दिसत नाही. आवाज तुटला की मी आतून ओरडते. तो "हो काकू" म्हणतो आणि पुन्हा सुरू करतो. दाढी मात्र करत नाही. गाल धरायला सांगितलं तर धरतो.

रविवारी दाढी मी करते. पहिल्या वेळी दोन ठिकाणी कापलं, छोटंसं, पण कापलं. बर्फ लावून बसले. शेषरावांनी मान भिंतीकडे वळवली नाही, एवढं खरं. आता कापत नाही. खाटेच्या दांडीला पट्टा अडकवते, चट चट करते, साबण लावते, गालात वस्तरा उतरवते आणि मनगट वळवत बाहेर काढते. कुकर त्या दिवशी लावतच नाही.

शेषराव सगळा वेळ डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत असतात. चार महिने झाले. माझ्या हाताखाली ते अजून एकदाही झोपलेले नाहीत.